रिपोर्ट मोबाईलमध्ये आहे, डॉक्टर!

मागच्या लेखात आपण थायरॉइडच्या तपासण्या कशा वाचायच्या ते पाहिलं. आज कोणत्याही आजाराविषयी किंवा औषधाविषयी लिहीत नाही. आज थोडं भांडायचं आहे. थोडं तुमच्याशी, थोडं माझ्याच व्यवसायाशी, आणि बरंचसं तुमच्या-माझ्या खिशातल्या त्या चौकोनी डबीशी.

सुरुवात एका आजोबांपासून करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण घडलं ते असंच. वय ७४. संध्याकाळी साडेसातला सून रिक्षातून घेऊन आली. छातीवर दडपण, अंगाला घाम. ईसीजी काढला, तर त्यात लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक.

हे काय असतं ते सांगतो. हृदयाला आकुंचन पावायला सांगणारा विजेचा संदेश दोन मुख्य फांद्यांमधून जातो. त्यातली डावी फांदी बंद असली की ईसीजीची रेघ इतकी बदलते, की तिच्याखाली हार्ट अटॅक दडलाय का हे नुसत्या त्या पट्टीवरून सांगणं अवघड होऊन बसतं. हा ब्लॉक जुना असेल तर एक गोष्ट, आजच झाला असेल तर दुसरी. अशा वेळी मला सगळ्यात उपयोगी पडतो तो त्याच माणसाचा जुना ईसीजी. एक कागद, बास.

‘आधी कधी ईसीजी काढलाय? काही झालं होतं का?’

‘व्हय साहेब, दोन वर्षामागं अँजिओग्राफी केली की. समदं मोबाईलात हाय.’

सुनेने मोबाईल काढला. हॉस्पिटलने डिस्चार्ज कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. ते दाबलं, तर फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. मधल्या काळात फोन बदलला होता आणि ती फाईल उघडून साठवलेलीच नव्हती. पाठवणारा म्हणजे कोण? हॉस्पिटलचा आपोआप संदेश पाठवणारा नंबर. त्याला विनवण्या करून काय उपयोग? मग हॉस्पिटलचं ॲप उघडलं. ॲपने आधी अपडेट मागितलं. तालुक्याच्या गावातलं नेटवर्क, त्यात गोल गोल फिरणारं ते चक्र. अपडेट झाल्यावर त्याने ओटीपी मागितला. ओटीपी गेला पुण्याच्या मुलाच्या नंबरवर, कारण नोंदणी त्याने केली होती. मुलगा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर.

‘रक्त पातळ करायची गोळी कोणती चालू आहे?’

‘पांढरी हाय. बारकी.’

ॲस्पिरिन चघळायला दिली. त्यापुढचं औषध द्यायला हात धजावेना, कारण आधीच काय चालू आहे हे ठाऊक नसताना रक्त आणखी पातळ करणं म्हणजे एक संकट टाळायला दुसरं ओढवून घेणं. १०८ बोलावली आणि साताऱ्याला पाठवलं. साडेनऊला मुलाचा फोन आला, पाठोपाठ पीडीएफ आली. ब्लॉक दोन वर्षांपूर्वीही होता. पुढच्या तपासण्यांत अटॅक नाही असं निघालं. आजोबा आता ठणठणीत आहेत.

प्रामाणिकपणे सांगायचं तर जुना ईसीजी हातात असता तरी मी त्यांना पाठवलंच असतं. छातीत दडपण आणि घाम घेऊन आलेल्या माणसाला कुणी घरी पाठवत नाही. पण काय देऊन पाठवायचं, पुढच्या डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं, हे सगळं बदललं असतं. आणि त्या सुनेचे ते दोन तास वेगळे गेले असते. बिचारी माझ्या टेबलाशी उभी राहून थरथरत्या बोटांनी पासवर्ड टाकत होती आणि ॲप तिला सांगत होतं, की पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवं.

आता मला सांगा, ही सोय कुणाची झाली?

लॅबवाल्याची झाली. त्याचा कागद वाचला, शाई वाचली, रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांची गर्दी कमी झाली, वर तुमच्या फोनमध्ये त्याचं ॲप बसलं. ते दर आठवड्याला ‘फुल बॉडी चेकअप अमुक टक्के सवलतीत’ असं कोकलत राहतं. हॉस्पिटलची झाली. तुमची सोय झाली असं तुम्हाला वाटतं, जोवर तुम्ही धडधाकट आहात, नेटवर्क आहे, चार्जिंग आहे, नजर चांगली आहे आणि हाताला कंप नाही तोवर. म्हणजे जोवर तुम्हाला त्या रिपोर्टची निकड नाही तोवर! आजारी माणसासाठी केलेली वस्तू आजारी माणसाला वापरता येत नसेल, तर तिला आधुनिक म्हणायचं धारिष्ट्य माझ्यात नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेल्या आजींना मी थेंबांचं वेळापत्रक विचारतो, तर त्या म्हणतात, ‘नातू येईपर्यंत थांबा, त्याच्या अंगठ्यानं उघडतं.’ आजींचं औषध नातवाच्या अंगठ्यात! हसू येतं, पण विचार करा.

क्लाउडबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ‘क्लाउडवर आहे’ हे वाक्य मी रोज ऐकतो आणि बहुतेकांना ते आभाळात कुठेतरी सुरक्षित आहे असं वाटतं. क्लाउड म्हणजे भाड्याचं कपाट. ते तुमच्या घरात नाही, एखाद्या कंपनीच्या इमारतीत आहे. बहुतेक वेळा किल्लीची एक प्रत त्या कंपनीकडे असते. कपाटात किती सामान ठेवायचं, भाडं किती, कधी बंद करायचं, हे तीच ठरवते. गूगलचं फुकट कपाट १५ जीबीचं आहे आणि त्यात तुमचे ईमेल, फोटो आणि फाइली सगळं एकत्र मोजलं जातं. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात धरू लागले. म्हणजे नातवाच्या बारशाचे व्हिडिओ भरले की कपाट भरलं. आणि कपाट भरलं की ईमेल यायचे थांबतात. माझ्या एका रुग्णाचा बायोप्सीचा रिपोर्ट असाच परत गेला. लॅब म्हणते पाठवला, हे म्हणतात आला नाही, दोघंही खरं बोलत होते. पाच दिवस गेले. गाठ साधी निघाली, पण ते पाच दिवस त्या घराने कसे काढले असतील ते तुम्हीच ठरवा.

इथवर झाली गैरसोय. पण नुसती गैरसोय असती तर मी चिडचिड करून गप्प बसलो असतो. त्याहून मोठी गोष्ट आहे ती गुपिताची.

वैद्याने रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर बोलू नये, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला स्पष्ट बजावलेलं आहे. हिपोक्रेटिसच्या शपथेत तेच आहे. आणि आजच्या कायद्याच्या भाषेत सांगायचं तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत तेच आहे: उपचार करताना कळलेलं रुग्णाचं गुपित कोर्टाचा आदेश, इतरांच्या जिवाला धोका किंवा साथीच्या रोगाची सक्तीची नोंद असे मोजके अपवाद सोडले तर उघड करायचं नाही. मी ते फोडलं तर माझ्यावर कारवाई होऊ शकते. म्हणून तर तुम्ही माझ्यासमोर बसून नवऱ्याला, बायकोला, आईला न सांगितलेलं मला सांगता. दार लावून घेता आणि सांगता. दारूचं सांगता, पूर्वी झालेल्या गर्भपाताचं सांगता, रात्री झोप लागत नाही आणि नको नको ते विचार येतात ते सांगता. त्या विश्वासावर माझा धंदा चालतो. तो नसेल तर मी निम्म्या आजारांचं निदान करू शकणार नाही.

आणि हेच सगळं तुम्ही रात्री अंथरुणात पडून एखाद्या ॲपला सांगता. त्याने कुठली शपथ घेतली आहे?

पाळीची नोंद ठेवणारी ॲप घ्या. कॉलेजच्या मुलींपासून मूल हवं असलेल्या जोडप्यांपर्यंत सगळे वापरतात. कोणत्या दिवशी पाळी आली, किती दिवस राहिली, संबंध कधी आला, मूड कसा होता, सगळं त्यात. ‘फ्लो’ नावाचं यातलं जगभर गाजलेलं ॲप आहे, दहा कोटींहून जास्त लोकांनी वापरलेलं. ‘तुमची माहिती खाजगी ठेवू’ असं वचन देऊन त्याने वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगल यांच्यासारख्या कंपन्यांच्या विश्लेषण विभागांकडे जाऊ दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ मध्ये त्या कंपनीशी तडजोड झाली. त्याच कमिशनने २०२३ मध्ये औषधांच्या सवलतीची कुपनं देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ला १५ लाख डॉलर दंड भरायला लावला, कारण कोण कोणतं औषध घेतंय ही माहिती जाहिरातदारांकडे गेली होती. त्याच वर्षी ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. मनाच्या आजारासाठी मदत मागायला आलेल्यांची माहिती जाहिरातीसाठी वापरल्याचा आरोप होता. या कंपन्यांनी चूक कबूल केली नाही, हेही सांगायला हवं. पण आदेश सार्वजनिक आहेत, आणि हे अमेरिकेत झालं, जिथे असं काही उकरून काढणारी यंत्रणा निदान आहे.

पूर्वी स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने बारीक खूण असायची. ‘शेवटची पाळी कधी?’ विचारलं की बाई डोळे मिटून ते पान आठवायच्या आणि तारीख सांगायच्या. आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, ती खूण सासूलाही दिसायची, ती कुठली प्रायव्हसी? बरोबर आहे. दिसायची, आणि त्यावरून टोमणेही बसायचे. पण सासू ती तारीख जाहिरात कंपनीला देत नव्हती, आणि ती खूण वीस वर्षांनी कुणाच्या तरी सर्व्हरवर सापडणार नव्हती.

‘आमचा फोन आमचं बोलणं ऐकतो का हो?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. वंध्यत्वाच्या तपासणीला येऊन गेलेलं जोडपं सांगतं, की दुसऱ्या दिवसापासून आयव्हीएफच्या जाहिराती सुरू झाल्या. अहो, ऐकायची गरजच काय? कोणत्या दवाखान्यात तुम्ही तासभर होतात ते लोकेशनला ठाऊक आहे. घरी येऊन काय शोधलंत ते ब्राउझरला ठाऊक आहे. कोणतं ॲप उतरवलंत तेही. ओट्यावरच्या भांड्यांवरून घरात काय शिजलं ते शेजारीण ओळखते, इथे तर तुम्ही तिला ताटच वाढून देताय.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगतो, कारण ती तुमच्यापैकी कुणाच्याही घरात घडू शकते. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला एका बापाच्या लक्षात आलं, की आपल्या लहान मुलाच्या लघवीच्या जागी सूज आली आहे आणि दुखतंय. कोविडचा काळ. दवाखान्याने सांगितलं, आधी फोटो पाठवा, मग व्हिडिओवर डॉक्टर बघतील. त्यांनी फोटो काढून पाठवले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, मूल बरं झालं. पण फोनमधले फोटो आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेले होते. तिथल्या यंत्राने ते मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो म्हणून ओळखले. खातं बंद. बापाचे ईमेल, फोन नंबर, संपर्क, मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो, सगळं गेलं. पोलिसांकडे तक्रार गेली. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं लिहून दिलं. तरी गूगलने खातं परत दिलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ही हकीकत छापली.

मुलांचं शोषण शोधणारी यंत्रणा असू नये असं मी मुळीच म्हणत नाही. ती हवीच. पण त्या बापाची चूक काय होती? त्याने दवाखान्याचं ऐकलं. मीही तुम्हाला सांगतोच की, ‘पुरळाचा फोटो पाठवा.’ तुम्ही पाठवता. व्हॉट्सॲपवरचा संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं आहे, पण तो फोटो तुमच्या गॅलरीत पडतो, गॅलरी क्लाउडवर चढते, आणि घरात सगळ्यांचं खातं एकच असेल तर दिवाळीत टीव्हीवर फोटो दाखवताना मूळव्याधीचा फोटो आत्याबाईंसमोर येतो. हसू नका, असं झालेले गृहस्थ माझ्याकडे पुन्हा दोन महिने फिरकले नव्हते.

यात माझीही चूक आहे. वर्षानुवर्षं तुमचे फोटो माझ्या खाजगी फोनमध्ये माझ्या मुलीच्या गॅदरिंगच्या फोटोंशेजारी पडून होते. सॅन फ्रान्सिस्कोची बातमी वाचल्यावर एक अख्खा रविवार बसून मी ते पुसले आणि दवाखान्यासाठी वेगळा फोन घेतला, ज्यात गॅलरी क्लाउडवर चढत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

आता यंत्रांकडे वळतो. दंडावर चिकटवायचे साखरेचे सेन्सर आले आहेत. टाइप वन मधुमेहाच्या मुलांसाठी ते वरदान आहे, यात शंका नाही. रात्री झोपेत साखर खाली गेली तर मूल स्वतः उठून सांगू शकत नाही, आईचा फोन वाजतो आणि आई उठून साखरपाणी देते. दिवसातून सहा वेळा बोटं टोचून घेणाऱ्या पोराला विचारा त्याची किंमत.

पण तो फोन वाजला नाही तर? २०१९ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस डेक्सकॉम या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर बिघडले. सणाची सुट्टी होती, मुलं झोपलेली, आणि दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात असलेल्या आईबापांच्या फोनवर साखरेचे आकडे यायचे बंद झाले. पालक निर्धास्त, कारण अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक, असा इतक्या वर्षांचा सराव. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने खास सूचना काढली: फोनवर चालणाऱ्या मधुमेहाच्या उपकरणांचे अलार्म काही वेळा ऐकूच येत नाहीत. कारणं काय, तर फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर होता, ब्लूटूथचे हेडफोन जोडलेले होते, फोनने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं आणि परवानग्या बदलल्या. म्हणजे मुलाच्या जिवाची राखण करणारी घंटा आणि सेलच्या जाहिरातीची घंटा एकाच डबीत, आणि दुसरीचा कंटाळा येऊन तुम्ही डबीचंच तोंड बंद करता!

माझ्याकडच्या एका आईने यावर साधा उपाय काढला आहे. सेन्सर आहेच, पण रात्री अकरा आणि तीनला गजराचं जुनं घड्याळ लावते, उठून आकडा स्वतः बघते, शंका आली तर बोट टोचून साध्या ग्लुकोमीटरवर पडताळते. झोपमोड होते. पण ती म्हणते, ‘आकडा डोळ्यानं बघितला की झोप लागते, डॉक्टर.’

घरच्या बीपीच्या मशीनचंही तसंच. माझं मत ऐकाल तर ज्याच्या स्वतःच्या अंगावर मोठा ठळक आकडा दिसतो, जे सेलवर चालतं आणि ज्याला चालू करायला कुठलंही खातं लागत नाही, तेच घ्या. परवा एक काका नवं मशीन घेऊन आले. ते ॲपशिवाय जुने आकडे दाखवत नव्हतं, आणि ॲप जन्मतारीख, ईमेल, लोकेशन आणि फोनबुक मागत होतं. बीपी मोजायला फोनबुक कशाला हवं? साडूचं बीपी जुळवून बघायचंय का?

कुणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही जुन्या वळणाचे झालात. कागद हरवतो, वाळवी खाते, पावसात भिजतो. हो, खातेच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात किती घरांच्या फाइलींचा लगदा झाला ते मी पाहिलंय. आणि ईसीजीची ती गुळगुळीत पट्टी तर उष्णतेच्या कागदाची असते, दोन-चार वर्षांत कोरी होते. (म्हणून तिची लगेच झेरॉक्स काढून ठेवा, हे मी शंभरदा सांगितलंय.) ज्यांच्या फोनमध्ये सगळं नीट होतं त्यांचं पुरानंतर माझं काम सोपं गेलं, हेही खरं. मी डिजिटलच्या विरोधात नाही. फक्त डिजिटलच, बाकी काही नाही, या हट्टाच्या विरोधात आहे. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉस्पिटलने दोन आठवड्यांच्या आसपास हाताने लिहून काम भागवलं. वह्या काढल्या, पेनं काढली आणि रुग्ण तपासले. एम्सला कागद लागतो, तर तुम्हाला का लागू नये?

‘सरकारने कायदा केलाय ना?’ केलाय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. मला यातली एक गोष्ट खटकते. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ अशा वेगळ्या वर्गात होती. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. तुमचा पिझ्झाचा पत्ता आणि तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट एकाच रांगेत.

आभाबद्दलही खूप जण विचारतात. तो १४ आकडी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. तुमच्या संमतीशिवाय त्यातून कुणाला तुमचे रिपोर्ट बघता येऊ नयेत अशी त्याची रचना आहे, आणि कल्पना चांगली आहे. पण केस पेपर काढायच्या रांगेत ‘काका, लवकर ओटीपी सांगा’ म्हणून जी संमती घेतली जाते, तिला संमती म्हणायचं का? ऑपरेशनच्या संमतिपत्रावर मी तुमची सही घेतो तेव्हा आधी समोर बसून समजावतो. निदान समजावायला बांधील आहे. खिडकीवरच्या मुलाला तेवढा वेळ नसतो, आणि तो त्याचा दोष नाही. तुम्ही मात्र विचारा: ‘हे कशासाठी, आणि नको म्हटलं तर तपासणी होईल ना?’

लॅब, हॉस्पिटल आणि मशीन बनवणाऱ्यांकडून मला फार काही नको. मागेल त्याला छापील रिपोर्ट द्या, तोंड वाकडं न करता. ओटीपी मुलाच्या नंबरवर जात असेल तर दुसरा रस्ता ठेवा. जे यंत्र ॲपशिवाय चालू शकतं ते चालू द्या. आणि ‘मी सहमत आहे’च्या वरची ती लांबलचक अटींची पोथी मराठीत, दहा ओळींत सांगता येत नसेल, तर तिच्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे असं मी तरी समजतो.

तुमच्याकडून मात्र बरंच हवं आहे. एक साधी फाईल करा, प्लास्टिकची, बटण असलेली. तिच्यात सगळ्यात वर एक पान, मोठ्या अक्षरात, हाताने लिहिलेलं: नाव, वय, रक्तगट, कोणते आजार, कोणती ऑपरेशनं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सध्याच्या गोळ्यांची नावं आणि डोस, आणि दोन फोन नंबर. त्यामागे शेवटचा ईसीजी (झेरॉक्स), शेवटचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी किंवा स्कॅन झाला असेल तर त्याचा अहवाल. बाकीचे वीस वर्षांचे साखरेचे रिपोर्ट नाही आणलेत तरी चालेल, खरंच चालेल. हॉस्पिटलमधून कागद मिळाले नसतील तर लेखी मागा. तुम्ही किंवा तुमच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं त्याच २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. आंतररुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायचीही त्यात सक्ती आहे. त्यानंतर हॉस्पिटलने ती ठेवलीच असतील याची खात्री नाही, म्हणून उशीर करू नका.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला की त्याच दिवशी उघडा, फोनमध्ये साठवा आणि महत्त्वाचा असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. पण त्याच्या कॉम्प्युटरवर तो ठेवून येऊ नका, समोर उभं राहून पुसायला लावा. खाजगी जागेचा फोटो मला पाठवायचा असेल तर आधी फोन करा. शंभरातल्या नव्वद वेळा मी ‘फोटो नको, या’ म्हणेन. पाळीसाठी वही चालते, कालनिर्णय चालतं, ॲपच हवं असेल तर जे खातं न मागता फोनमध्येच माहिती ठेवतं ते शोधा. घरातल्या वयस्कर माणसाच्या नावावरचं प्रत्येक आरोग्याचं खातं त्यांच्याच फोन नंबरवर आहे ना, हे या शनिवारी बसून बघा.

मनातलं सांगायचं असेल तर या. दार लावून घेऊ.

आजोबा गेल्या सोमवारी आले होते. बीपी ठीक आहे. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेली ईसीजीची झेरॉक्स होती, घड्यांवर फाटत आलेली. चिकटपट्टी लावून दिली आणि घरी फाईलमध्ये ठेवायला दुसरी एक प्रत काढायला सांगितली. तुमच्याकडे फाईल नसेल तर दवाखान्यात काउंटरवर मागा, दहा रुपयाला आहे. रविवारी बंद.